बर्फाला तीस टपल्या!

काश्मीरमधल्या गुलमर्गला एक झकास केबल कार आहे. नाव तिचं गोंडोला. ती अफरवत डोंगरावर जवळजवळ 4,000 मीटर उंचीवर नेऊन सोडते. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही वर! तिथून काही धाडसी मंडळी पायांना स्की बांधतात आणि आखलेल्या वाटा सोडून कोऱ्या बर्फात उतरतात.

पण त्यातली जाणती मंडळी उतरण्याआधी काय करतात, ओळख पाहू? चक्क खड्डा खणतात! आणि मग बर्फाला टपल्या मारतात!

हसू नकोस. बर्फाच्या पोटात काय दडलंय, ते त्यांना बघायचं असतं.

बर्फ थराथरांनी साचतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक नवा थर. आता गंमत ऐक. वरची हवा उणे 20 अंश असली, तरी बर्फाखालची जमीन साधारण 0 अंशावर असते. म्हणजे खाली उबदार! त्या उबेतून पाण्याची वाफ वर चढते आणि वाटेतल्या बर्फाच्या कणांचा आकारच बदलून टाकते. पडलेला बर्फ गप्प पडून राहतच नाही! कण मोठे होतात, टोकदार होतात, चमचमतात आणि एकमेकांना चिकटेनासे होतात. त्याचा गोळा करायला जा, मुठीतून भुरुभुरु सांडतो. स्कीवाले त्याला 'शुगर स्नो' म्हणतात. साखरबर्फ!

आणि हे जास्त कुठे होतं? जिथे बर्फ कमी असतो तिथे! पांघरूण पातळ, म्हणून उबेतून गारठ्यात जायला वाफेला अंतर कमी. थोडा बर्फ बरा, असं वाटलं होतं ना? फसलास की नाही!

आता घरी करून बघ. ताटात साखर पसर. तिच्यावर वही ठेव. ताटाची एक कड हळूहळू उचल. थोडी... अजून थोडी... सर्रर्र! वही अख्खीच्या अख्खी घसरली! डोंगरावर ही वही म्हणजे वाऱ्याने दाबून घट्ट केलेला नवा बर्फ. खालची साखर ढासळली, की तो एवढा मोठा थर फुटून सुटतो. हेच हिमस्खलन. कोरडा बर्फ ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने सुसाटू शकतो!

कंपासपेटीतला कोनमापक काढ. 30 ते 45 अंश बघितलेस? सगळ्यात जास्त धोका याच उतारांवर. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही, सारखा थोडाथोडा गळून जातो. आणि स्की करायला मजाही नेमकी याच उतारांवर येते. काय हा खोडसाळपणा!

सिनेमात कुणीतरी ओरडतं आणि डोंगर कोसळतो. साफ खोटं! आवाजात तेवढा जोर नसतो. माणसाच्या वजनात मात्र असतो. हिमस्खलनात माणसं सापडतात, तेव्हा 10 पैकी 9 वेळा ते त्यांनीच किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं.

म्हणून टपल्या! बर्फातून 30 सेंटिमीटर लांब-रुंद खांब कापून मोकळा करायचा. त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं. आधी नुसत्या मनगटातून 10 टपल्या. मग कोपरातून 10. मग खांद्यातून दणादण 10! पहिल्या चार-पाच टपल्यांतच खांब करवतीने कापल्यासारखा सपाट सुटून सरकला? चला, माघारी!

तीसही टपल्या झेलून खांब उभा राहिला, तरी हुरळायचं नाही. पन्नास पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो. म्हणून कानही उघडे ठेवायचे. पायाखाली 'धुप्प!' आवाज आला, किंवा बर्फाला सर्रकन भेग गेली, तर खालचा थर बसला म्हणून समजायचं. शिवाय डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते सकाळीच वाचायचे.

मग उतरताना एकेकानेच उतरायचं. बाकीच्यांनी डोळ्यात तेल घालून बघायचं. प्रत्येकाच्या अंगावर संकेत पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र, पाठीवर बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आणि फावडं. कारण घसरलेला बर्फ थांबला, की इतका घट्ट बसतो की आतल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. पहिली 10-15 मिनिटं फार मोलाची. तेवढ्यात हेलिकॉप्टर कुठून येणार? जवळचे दोस्तच शोधणार, दोस्तच खणणार! त्यामुळे फावडं विसरलेल्याला टोळीत जागा नाही, मग तो कितीही भारी स्की करो!