नायिकापद गेले, कारकीर्द उरली

सिन्नरप्रमाणेच नाशिक जिल्ह्यात वसलेले येवले पैठणीसाठी प्रसिद्ध आहे; अभिनेत्री ललिता पवार (१९१६-१९९८) यांचे ते जन्मगाव. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून आलेल्या ललिताबाई पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्यास अर्धांगवायू झाला. दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात दोष राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे तोच डोळा खाष्ट सासूची ओळख ठरला. परंतु खलनायिका एवढीच त्यांची आठवण ठेवणे अन्यायाचे होईल. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळेवाली पाहावी, किंवा ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा. तीच मुद्रा तेथे मायाळू होते. ‘अनाडी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. दूरदर्शनवर १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेत त्यांनी मंथरा साकारली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.