फ्री डिशला घरचं कार्यक्रमपत्रक, तेही फुकट!

मावळातल्या शिरगावात, प्रतिशिर्डी साईमंदिराच्या आसपास, छपरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल तर ही पोस्ट जपून ठेवा. ती छत्री आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे बघत असते. फ्री डिश ही दूरदर्शनची २००४ पासूनची सेवा, महिन्याचं भाडं शून्य.

छत्रीची वायर संगणकाच्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरला जोडा आणि त्यावर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. विनाकुलूप वाहिन्या कोडी किंवा जेलीफिन या ॲपमधून घरातल्या कुठल्याही पडद्यावर दिसतात. प्रक्षेपणासोबतच वाहिनी कार्यक्रमांची माहिती पाठवत असते. टीव्हीहेडएंडमध्ये ‘ओव्हर द एअर’ पर्याय सुरू केला की ती कार्यक्रमपत्रकात आपोआप भरते, इंटरनेटशिवाय. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

काही वाहिन्या फारच त्रोटक माहिती देतात. तिथे एक्सएमएलटीव्ही, म्हणजे वेळापत्रकाची फाइल लागते. आयपीटीव्ही-ऑर्ग या मुक्त प्रकल्पातली साधनं वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची वेळापत्रकं गोळा करून ही फाइल बनवतात. फाइलमधला वाहिनीचा आयडी आपल्या यादीतल्या वाहिनीशी, उदाहरणार्थ डीडी सह्याद्रीशी, जुळवावा लागतो, नाहीतर रकाना कोराच राहतो.

आणि वेळ नीट तपासा! फाइलमधल्या वेळेपुढे +०५३० नसेल, तर संध्याकाळी सातच्या बातम्या रात्री साडेबाराला दिसू शकतात. टीव्हीहेडएंड वेळापत्रक पाहूनच रेकॉर्डिंग लावतं, त्यामुळे ही चूक थेट रेकॉर्डिंगवर येते.

कुणाला छत्री-ट्यूनरची जोडणी करायची असेल तर कमेंटमध्ये विचारा, सविस्तर सांगतो.