खड्ड्याच्या तळाशी काय उरलं?
जमिनीखालची टाकी : लेखांक ४

परवाना काढणं, उरलेलं तेल उपसणं, टाकी कापून आतला गाळ काढणं आणि यंत्राने ती वर उचलणं, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. आता अंगणात खड्डा उघडा पडलाय आणि बाजूला मातीचा ढीग आहे. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत हे दृश्य नवं नाही. घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीचं तेल तिथे अनेक वर्षं अंगणातच पुरलेल्या लोखंडी टाकीत साठवलं जाई. ५५० गॅलनच्या टाकीत सुमारे २,०८० लिटर तेल मावतं. पेट्रोल पंपांच्या टाक्यांना अमेरिकेत १९८८ पासून केंद्रीय नियम लागू झाले, पण घरातच जाळायच्या तेलाच्या टाक्या त्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे जबाबदारी राज्यावर आणि घरमालकावर येते. न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या आसपास जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती चुकत नाही.

टाकी वर आली की सगळे तिला भोकं पडलीत का ते बघतात. ते बघायलाच हवं, पण टाकी धड आहे म्हणून माती स्वच्छ आहे असं समजू नये. तेल भरताना नळीच्या तोंडाशी सांडलेलं असतं, भट्टीकडे जाणाऱ्या पाइपाच्या जोडातून झिरपलेलं असतं. म्हणून टाकीखालच्या मातीबरोबर भरण्याच्या नळीखालची आणि पाइपाच्या वाटेवरची मातीही तपासावी लागते.

तेल सरळ खाली जाईल याचीही खात्री नसते. वाळूत ते झपाट्याने उतरतं, चिकणमातीचा थर लागला की त्यावरून आडवं पसरतं. भूजलापर्यंत पोचलं तर पाण्याहून हलकं असल्याने वर तरंगतं. पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते आणि तेल त्या साऱ्या उंचीभर मातीला माखत जातं. वरून कोरडा, स्वच्छ दिसणारा तळ म्हणूनच फसवा असू शकतो.

जागेवरची पहिली चाचणी सोपी आहे. माती पिशवीत बंद करायची, थोडी ऊब येऊ द्यायची आणि वर साठलेली वाफ हातातल्या वायुमापकाने मोजायची. पेट्रोलसाठी हे यंत्र फार उपयोगी, कारण बेंझिनसारखे घटक चटकन उडतात. भट्टीचं तेल मात्र डिझेलच्या जातीचं, जड. ते जुनं झालं की त्यातला उडणारा भाग निघून गेलेला असतो आणि यंत्राचा आकडा लहान येतो. तेवढ्यावर खड्डा बुजवणं चूक आहे. नाकावर विसंबणं तर त्याहून वाईट. वास घेऊन माती तपासायचीच नसते.

सगळं काही ठरतं ते नमुन्यावर. चारही भिंती आणि तळ, यांत जिथे डाग किंवा वायुमापकाचा आकडा जास्त, तिथूनच माती घ्यायची. चार कोपऱ्यांची माती एकत्र कालवून एकच बाटली पाठवण्याचा मोह होतो, खर्च वाचतो. पण एका कोपऱ्यात किलोला ८,००० मिलिग्रॅम तेल असेल आणि बाकीचे तीन स्वच्छ असतील, तर बाटली २,००० दाखवेल आणि तो कोपरा तसाच जमिनीत राहील. पेट्रोलच्या बाबतीत कालवण्याने दुहेरी नुकसान होतं, कारण ढवळतानाच अर्धं सत्य उडून जातं. तिथे छोट्या नळीने मातीचा गट्टू काढून तो लगेच मिथेनॉलच्या बाटलीत टाकतात. तेलाचा नमुना काचेच्या बरणीत भरून, बर्फात ठेवून पाठवतात.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगतो : एक लिटर तेलाचं वजन साधारण ८५० ग्रॅम. ते एक टन मातीत सारखं पसरलं तर किलोला ८५० मिलिग्रॅम होतं. प्रयोगशाळा द्रावकाने तेल मातीतून ओढून घेते, ओल वजा करून कोरड्या वजनावर आकडा देते. पालापाचोळ्यातले नैसर्गिक तेलकट पदार्थ मोजणीत मिसळू नयेत म्हणून अर्क सिलिका जेलमधून गाळला जातो. हे केलं की नाही, ते अहवालात बघावं.

आकडा राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तर आणखी खोदायचं आणि नव्या भिंतींचे नमुने पुन्हा घ्यायचे. काढलेली माती प्लास्टिकवर, झाकून ठेवायची; पावसाने तेल परत जमिनीत जाता कामा नये. मग ती परवानाधारक केंद्राकडे जाते, तिथे बहुधा तापवून तिच्यातलं तेल काढतात. खोदकाम घराच्या पायापाशी येऊन थांबलं, तर पायाखालची माती तशीच राहते आणि तिचा वेगळा विचार करावा लागतो.

घर विकत घेणाऱ्याला शेवटी राज्याकडून ‘पुढील कारवाईची गरज नाही’ असं पत्र दाखवलं जातं. त्यासोबत नमुने कुठून, किती खोलीवरून घेतले याचा नकाशा आणि प्रयोगशाळेचा मूळ अहवाल मागून घ्या. तळाच्या नमुन्याची खोली आणि भूजलाची खोली जवळजवळ सारखी दिसली, तर प्रश्न पाण्याचा झाला. त्यासाठी खोदायच्या निरीक्षण विहिरींबद्दल पुढच्या लेखांकात.