बिल्ड रेंगाळतोय? आधी घड्याळ लावा

काल दीड मिनिटात होणाऱ्या अँड्रॉइड ॲपच्या बिल्डला आज चार मिनिटं लागली, की पहिला संशय ग्रेडलच्या नव्या आवृत्तीवर जातो. सोलापुरात तो आधी उन्हावर घ्यावा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तापलेला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपणहून उतरवतो. वीज गेली, मशीन बॅटरीवर आलं, तरी बहुधा तेच. म्हणून जुनी आणि नवी आवृत्ती एकाच मशीनवर, चार्जर लावून, आलटूनपालटून चालवा. ग्रेडलचा डेमन नुकताच सुरू झालेला असताना पहिला बिल्ड हमखास रेंगाळतो. सुरुवातीच्या फेऱ्या सोडून द्या, पुढच्या दहांचा मध्यक घ्या. ग्रेडल प्रोफायलर हे आपोआप करतो.

फरक खरा निघाला तर ‘गिट बायसेक्ट’. चांगली असल्याची खात्री असलेली एक आणि बिघडलेली एक कमिट सांगितली की तो दर वेळी मधली कमिट पुढे करतो; १,००० कमिटमधला गुन्हेगार साधारण १० चाचण्यांत सापडतो. तो बहुधा फुटकळ असतो. कुणीतरी बिल्ड क्रमांकात तास-मिनिटांसकट वेळ घातलेली असते, मग कोडची एक ओळही न बदलता इनपुट दर वेळी नवं दिसतं आणि कॅशे वाया जाते. ‘प्रोफाइल’ पर्याय लावला की कोणत्या टास्कने किती वेळ खाल्ला, त्याचा तक्ता मिळतो.

काहीही न बदलता पुन्हा चालवलेल्या बिल्डची वेळ दर आठवड्याला टिपून ठेवा. शेजारी ग्रेडल आणि जावाची आवृत्तीही लिहा.