कर्करोगाची लस आणि सहाय्यक टी-पेशी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २८ व्या अध्यायात आलेल्या व्याधिक्षमत्व या शब्दाचे चक्रपाणीने दोन अर्थ सांगितले आहेत: उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीसच प्रतिबंध. कर्करोगाच्या लशींचेही असेच दोन वर्ग पडतात. हिपॅटायटिस-बी व एचपीव्ही या विषाणूंवरील लशी रोगाची उत्पत्ती टाळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३ मध्ये बाजारात आलेली ‘सर्व्हाव्हॅक’ याच वर्गातील. झालेल्या अर्बुदाशी झुंजणाऱ्या लशींचे काम मात्र बिकट ठरले आहे.

अर्बुदाच्या पेशींचा प्रत्यक्ष नाश मुख्यतः सीडी-८ वर्गाच्या मारक टी-पेशी करतात. म्हणून आरंभीच्या अनेक लशी केवळ त्यांनाच लक्ष्य दाखविण्यासाठी योजल्या गेल्या. फळ अल्प मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लस दिलेल्या आपल्या ४४० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अर्बुद लक्षणीय आकसल्याचे प्रमाण अवघे २.६ टक्के होते.

येथे सीडी-४ वर्गाच्या सहाय्यक टी-पेशींचे महत्त्व ध्यानी येते. डेंड्रिटिक पेशी अर्बुदातील प्रथिनांचे अंश लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींपुढे मांडते. सहाय्यक पेशीने तो अंश ओळखला की तिच्या संकेताने डेंड्रिटिक पेशीस मारक पेशी सिद्ध करण्याचा जणू परवानाच मिळतो. या संकेताचा मार्ग सीडी-४० या रेणूतून जातो, हे १९९८ मध्ये तीन संशोधनगटांनी दाखविले. असे साहाय्य न लाभलेल्या मारक पेशींची स्मृती दुर्बल राहते.

नेदरलँड्समधील लायडेन येथे दोन्ही वर्गांच्या पेशींना उद्दीपित करणारी दीर्घ पेप्टाइडांची लस एचपीव्हीजन्य कर्कपूर्व विकृती असलेल्या स्त्रियांना दिली गेली. २००९ च्या अहवालानुसार १२ महिन्यांनी १९ पैकी ९ जणींची विकृती पूर्णतः नाहीशी झाली होती. २०१७ मध्ये बोस्टन येथे मेलानोमाच्या ६ रुग्णांना प्रत्येकाच्या अर्बुदानुसार लस दिली गेली. तिच्यातील लक्ष्ये मारक पेशींसाठी निवडलेली होती. तरी त्यांपैकी ६० टक्के लक्ष्यांना सीडी-४ पेशींनी प्रतिसाद दिला, सीडी-८ पेशींनी केवळ १६ टक्के लक्ष्यांना. रुग्णसंख्या लहान असली तरी दिशा स्पष्ट आहे.

यातून आपल्या व्यवसायास घेण्याजोगा बोध आहे. अर्बुदाचे रक्षण करणाऱ्या नियामक टी-पेशीही बहुतांशी सीडी-४ वर्गाच्याच असतात. म्हणून सरसकट ‘प्रतिकारशक्ती वाढविणे’ म्हणजे कर्करोगावर मात करणे नव्हे. योग्य पेशीस योग्य लक्ष्य योग्य वेळी दाखविले जाणे महत्त्वाचे. औषधालयचालकांनी हेही स्मरावे की, कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. आमची वैद्यबंधूंना विनंती एवढीच, की प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार घेणारा रुग्ण आल्यास त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळविल्याविना रसायनकल्पही देऊ नयेत.