घर सोडण्याचा संकेत : अमेरिकन कुटुंब आणि तीन नाटके

अमेरिकेची प्रवासवर्णने वाचणाऱ्या मराठी वाचकास एक निरीक्षण वारंवार भेटते. मूल जाणते झाले की घराबाहेर पडते, आईवडील एकटे उरतात. सबब तेथे खऱ्या अर्थाने कुटुंब असे नाहीच. निरीक्षण बरेचसे खरे आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मुलाने घर सोडणे हे अमेरिकेत कौटुंबिक कर्तव्याचेच अंग मानले जाते. मुलाला स्वतःच्या पायावर उभे करून बाहेर पाठविता आले तरच संगोपन सफळ झाले, असे हा संकेत सांगतो. आपल्याकडे वेगळी चूल मांडणाऱ्या मुलास जे अपराधीपण वाटते, ते तेथे परत येणाऱ्या मुलाच्या वाट्यास येते. हा फरक ध्यानात न घेतल्यास अमेरिकन नाटकातील पितापुत्र-संघर्षाचा अर्थ निसटण्याचा संभव असतो.

हा संकेत अमेरिकन माणसाच्या स्वभावातून आपोआप उगवलेला नाही. ज्येष्ठ पुत्राकडे जमीन जाण्याची इंग्लंडमधून आलेली पद्धत व्हर्जिनियाने १७८५च्या कायद्याने मोडीत काढली. १८३१-३२ मध्ये अमेरिकेत हिंडलेल्या अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच विचारवंताने वारसा-कायद्यांच्या या परिणामाची विशेष दखल घेतली. मुलगा प्रौढ होताच पित्याची सत्ता फारशा कटुतेवाचून संपते. आणि सत्ता गेल्यावर जिव्हाळा मात्र वाढतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १८६२च्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षांच्या व्यक्तीस १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागण्याचा हक्क दिला. अट अशी की, तिने पाच वर्षे त्या जमिनीवर राहून ती कसावी. म्हणजे जमीन हवी तर बापाचे घर सोडणे ओघानेच आले. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणी मुलाच्या मिळकतीवर विसंबण्याची गरजही पुष्कळ अंशी कमी केली.

आर्थर मिलरच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) या नाटकाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. विली लोमनच्या स्वप्नभंगाची चर्चा सहसा भांडवलशाहीच्या संदर्भात केली जाते, आणि ती योग्यही आहे. परंतु नाटकाचा प्रारंभ एका घरगुती प्रसंगाने होतो, हे विसरता कामा नये. चौतीस वर्षांचा थोरला मुलगा बिफ घरी परतला आहे. भारतीय प्रेक्षकाला यात आनंदाचा प्रसंग दिसेल; विलीच्या दृष्टीने मात्र ती पराभवाची खूण आहे. या वयातही मुलाला आपली वाट सापडू नये, हे त्याला लाजिरवाणे वाटते. याउलट त्याच्या मनातील आदर्श आहे तो थोरला भाऊ बेन : सतराव्या वर्षी जंगलात शिरलेला आणि एकविसाव्या वर्षी श्रीमंत होऊन बाहेर पडलेला. विलीच्या वडिलांनीही तो लहान असतानाच घर सोडले होते. या जाण्याने झालेली जखम विली आयुष्यभर वागवितो. तथापि त्याच जाण्याची तो वीरकथा करतो. येथे संकेताची पकड किती खोल आहे ते दिसते. ज्या रूढीने माणूस पोरका झाला, तिच्याच मापाने तो स्वतःच्या मुलास मोजू लागतो. अखेरीस घराचा शेवटचा हप्ता फेडला जातो तो विलीच्या अंत्यविधीच्या दिवशी, आणि त्या घरात राहावयास कोणी उरलेले नसते.

टेनेसी विल्यम्सच्या 'द ग्लास मिनॅजरी'मधील (१९४४) टॉम संकेताप्रमाणे घर सोडतो खरा. पण बहीण लॉराची आठवण त्याचा पिच्छा सोडत नाही. संकेताने दिलेली मोकळीक मनाला पुरत नाही, एवढे येथे नोंदविले तरी पुरे.

लोरेन हॅन्सबेरीच्या 'अ रेझिन इन द सन'मध्ये (१९५९) चित्र पालटते. शिकागोच्या दक्षिण भागातील एका कोंदट बिऱ्हाडात यंगर या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या तीन पिढ्या राहतात. नातू बैठकीच्या खोलीत कोचावर झोपतो. येथे स्वप्न आहे ते सर्वांनी मिळून एका घरात जाण्याचे. मृत पतीच्या विम्याचे दहा हजार डॉलर हा आईच्या हाती आलेला कुटुंबाचा समाईक ठेवा आहे, आणि त्याचा मोठा भाग मुलगा वॉल्टरने गमावल्यावरही कुटुंब फुटत नाही. याचे कारण केवळ 'वेगळी संस्कृती' असे देऊन थांबता येत नाही. १९३५च्या कायद्यातून शेतमजूर व घरकामगार वगळले गेले होते, आणि कृष्णवर्णीयांचा मोठा भाग याच कामांत होता. गोऱ्या वस्तीत घर घेणे त्यांना करारांनी व धाकदपटशाने अशक्यप्राय केले होते. स्वतः हॅन्सबेरीच्या वडिलांना अशा घरासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले (१९४०). घर सोडण्यासाठी आधी बाहेर दुसरे घर मिळावे लागते. ज्यांना ते नाकारले गेले, त्यांच्यात एकत्र राहणे हाच जगण्याचा मार्ग ठरला. बहुसंख्याकांचा संकेत तो 'अमेरिकन' आणि इतरांचा तो अपवाद, ही विभागणी म्हणूनच तपासून घ्यावी लागते.

संकेत आणि व्यवहार यांतील अंतरही लक्षणीय आहे. प्यू संशोधन केंद्राच्या विश्लेषणानुसार १८ ते २९ वयोगटातील आईवडिलांसह राहणाऱ्या अमेरिकनांचे प्रमाण १९४०च्या जनगणनेत ४८ टक्के होते. १९६० मध्ये ते २९ टक्क्यांपर्यंत उतरले. महामारीच्या काळात, जुलै २०२० मध्ये, ते ५२ टक्क्यांवर गेले. म्हणजे मिलर आणि हॅन्सबेरी यांची नाटके रंगभूमीवर आली तो काळ घर सोडणे सर्वाधिक सुकर होत गेल्याचा होता. बिफचे वय चौतीस असल्याने तो या आकडेवारीच्या कक्षेबाहेर राहतो. परंतु ज्या शेजारपाजारात त्याच्या परतण्याची लाज वाटावी, ते शेजारपाजार याच काळाने घडविलेले होते.