कार्ड घेण्याआधी वीज मोजा

गटानं संगणक घेतला की आधी त्यावर फॉर्म भरले जातात, झेरॉक्स-प्रिंट निघतात, गटाचा हिशोब ठेवला जातो. मग एखादी मुलगी लग्नाचे व्हिडिओ जोडायला शिकते आणि म्हणते, “ताई, संगणक फार हळू चालतो, ग्राफिक्स कार्ड टाकू या.” विषय बैठकीत येतो, अंतर्गत कर्जाचा ठराव होतो. तो ठराव लिहिण्याआधी काय तपासायचं, ते आज बघू.

पडद्यावर चित्र उमटवायचं काम हे कार्ड करतं. फॉर्म, टायपिंग, हिशोब यांसाठी ते लागत नाही. बहुतेक संगणकांत तेवढी सोय मुळातच असते. व्हिडिओचं काम नेमानं मिळत असेल, तरच कार्डाचा विचार करा.

आता वीज. भिंतीतून येते २३० व्होल्टची वीज, पण संगणकाच्या आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हा बदल करणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. पाच एचपीची मोटार तीन एचपीच्या स्टार्टरवर कुणी चालवत नाही, तसंच इथंही आहे. डबा कमी पडला तर संगणक साध्या कामाला चालतो, पण व्हिडिओ तयार करताना मध्येच बंद पडतो. हलक्या दर्जाचा डबा जळताना कधी मदरबोर्ड आणि डिस्कही घेऊन जातो. डिस्क गेली की गिऱ्हाइकाच्या लग्नाचं शूटिंगही गेलं.

किती वीज लागेल, याची बेरीज करू. समजा कार्ड आरटीएक्स ३०६० आहे. ते १७० वॉट घेतं. प्रोसेसर जोरात चालला तर १२० धरा. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून ६०. झाले ३५० वॉट. पण कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं, म्हणून डबा काठोकाठ घ्यायचा नाही. या कार्डाला कंपनीच ५५० वॉटचा डबा सांगते. त्याउलट जीटीएक्स १६५० हे कार्ड ७५ वॉटवर चालतं, त्याला कंपनी ३०० वॉटचा डबा पुरेसा मानते. काम बेताचं असेल तर लहान कार्ड घेतलेलं बरं.

पुढची गोष्ट नीट ऐका. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलं असलं, तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. कार्ड आणि प्रोसेसर १२ व्होल्टच्या वाटेनं वीज घेतात. लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ नं गुणा. १६ अँपिअर असतील तर झाले १९२ वॉट. म्हणजे टाकी मोठी, तोटी बारीक. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट. तो डबा आपल्या कामाचा. ‘८० प्लस’ ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते, ताकद सांगत नाही.

डब्याच्या वायरीही बघा. कार्डाला बोर्डाच्या खाचेतून ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते. त्याहून जास्त लागली तर डब्यातून वेगळी वायर येते: सहा पिनची ७५ वॉटची, आठ पिनची १५० वॉटची. ती वायर डब्याचीच हवी, जोडतोड नको.

रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला डबा घ्या. यूपीएसचंही गणित बदलतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. आपल्या संगणकाला डब्यातली घट आणि मॉनिटर धरून भिंतीतून ४४० वॉटच्या आसपास लागतील. तेव्हा ६०० वॉट देणारा यूपीएस हवा, तो बहुतेक १००० व्हीएचा असतो. अर्थिंग तपासून घ्या, तिसरी पिन मोडू नका. एसएमपीएस कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

तर मैत्रिणींनो, कोटेशन कार्डाचं एकट्याचं घेऊ नका. कार्ड, एसएमपीएस आणि यूपीएस यांचं एकत्र घ्या, दोन दुकानांतून घ्या, आणि पक्क्या बिलावर वॉरंटी लिहून घ्या. तिन्हींची बेरीज कर्जात बसत नसेल, तर लहान कार्ड घ्या किंवा थोडं थांबा. तोवर पैसे गटाच्या खात्यात सुरक्षित आहेत.